निरोपाचे पन्नास हजार

साल १८४५. दादाभाई नौरोजी तेव्हा विशीत होते आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधलं त्यांचं शिक्षण संपत आलं होतं. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाईंनी एकटीने वाढवलं. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती म्हणून आपण शिकलो, असती तर आईला ते झेपलं नसतं, असं दादाभाईंनी पुढे स्वतःच सांगून ठेवलं आहे. हा मुलगा अभ्यासात असा चमकला की सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. पेरी मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचेही अध्यक्ष होते. त्यांनी पारशी समाजातल्या वडीलधाऱ्यांना सुचवलं, की या मुलाला विलायतेला पाठवून बॅरिस्टर करू. अर्धा खर्च मी देतो, अर्धा तुम्ही द्या.

वडीलधाऱ्यांनी नकार दिला. पैशांची अडचण नव्हती. त्याच वर्षी लेडी जमशेटजींच्या पैशातून माहीमचा कॉजवे लोकांसाठी खुला झाला, त्याच वर्षी भायखळ्याला सर जमशेटजी जीजीभाईंचं रुग्णालय सुरू झालं. पारशी शेटजींची थैली सैलच होती. भीती होती ती धर्मांतराची. १८३९ मध्ये रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि मुलं समाजाकडे परतली नव्हती. ती जखम अजून ओली होती. समुद्रापार गेलेला, इंग्रज न्यायाधीशाच्या पैशावर शिकलेला मुलगा परत आपला राहील का, हा प्रश्न त्या माणसांच्या दृष्टीने खरा होता. दादाभाई मुंबईतच राहिले आणि शिक्षक झाले.

मुंबईतल्या कायद्याच्या शिक्षणाचा इतिहास मी या नाकारलेल्या देणगीपासून मोजतो. मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजच्या नोंदी १८५५ पासून सुरू होतात, ते बरोबरच आहे. पण पेरींच्या मनात काय घोळत होतं, ते दहा वर्षं आधीच्या या प्रसंगात दिसतं.

थॉमस अर्स्किन पेरी १८०६ चे. वडील जेम्स पेरी लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे मालक आणि संपादक. मुलगा केंब्रिजला शिकला, काही काळ म्युनिकला राहिला, १८३४ मध्ये बॅरिस्टर झाला. घरची सुस्थिती होती. पण १८४० मध्ये एक बँक बुडाली आणि तिच्यात पेरींची बहुतेक पुंजी गेली. मग नोकरी शोधणं आलं. १८४१ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीशाची जागा मिळाली आणि १८४७ मध्ये ते तिथेच मुख्य न्यायाधीश झाले. मुंबईला हा माणूस मिळाला तो एका दिवाळखोरीमुळे.

माणूस अभ्यासू होता. १८४८ मध्ये त्यांनी साव्हिनी या जर्मन कायदेपंडिताचा ताब्याच्या कायद्यावरचा ग्रंथ इंग्रजीत आणला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्यापुढे खोजा आणि मेमन कुटुंबांच्या वारशाचा खटला आला होता. कुराणाप्रमाणे मुलींना वाटा मिळायला हवा होता. जमातीची रूढी मात्र मुलींना वगळणारी, हिंदूंच्या चालीसारखी. पेरींनी रूढी ग्राह्य धरली. त्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर निकाल कठोर आहे. पण इथला माणूस प्रत्यक्षात कसा जगतो हे पुस्तकातल्या कायद्यापेक्षा वेगळं असू शकतं आणि न्यायाधीशाला ते ठाऊक असायला हवं, हा विचार त्या निकालाने कोर्टात रुजवला.

आता हे ठाऊक असणारी माणसं आणायची कुठून? सुप्रीम कोर्टात बाजू मांडणारे बॅरिस्टर विलायतेहून आलेले. कंपनीच्या सदर अदालतीत आणि जिल्ह्याच्या कोर्टांत देशी वकील असत, पण त्यांना शिकवणारी शाळा कुठेच नव्हती. एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली अर्ज-फिर्यादी लिहायच्या, सरकारी रेग्युलेशनं पाठ करायची आणि हळूहळू उभं राहायचं. हिंदू कायद्याचा प्रश्न निघाला की कोर्टाने शास्त्रीबुवांना विचारायचं, मुसलमानी कायद्याचा निघाला की मौलवींना. ही पद्धत १८६४ पर्यंत चालली. न्यायाधीशाला भाषा येत नाही, वकिलाला शास्त्र येत नाही आणि शास्त्र्याला कोर्टाची रीत माहीत नाही, असा तो कारभार.

पेरींचा सगळाच विचार इथल्या लोकांना पटणारा होता असं नाही. बोर्डात त्यांचं आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचं चांगलंच वाजलं. वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं, असं पेरींचं मत. ज्ञान सामान्य लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेतून द्यायला हवं, असं नानांनी १८४७ मध्ये लेखी बजावलं. बोर्डातले कर्नल जर्व्हिस नानांच्या बाजूचे होते. मराठी माणसाने नाना शंकरशेटांचं ऋण मानायचं ते या टिपणासाठीसुद्धा. आणि हेही मान्य करायला हवं, की ज्यांच्याशी वाद घातला त्याच पेरींना निरोप देताना मुंबईच्या लोकांनी हात आखडता घेतला नाही.

१८५२ च्या शरद ऋतूत पेरी निवृत्त झाले. मुंबईत तेव्हा सार्वजनिक जीवनाला नुकतीच धार येत होती. त्याच वर्षी २६ ऑगस्टला नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांच्या सोबत्यांनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली होती. सभा भरवणं, ठराव करणं, वर्गणी काढणं या नव्या गोष्टी शहर शिकत होतं. पेरींच्या सन्मानासाठी मुंबईच्या हिंदी रहिवाशांनी वर्गणी जमवली. रक्कम झाली ५,००० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५०,००० रुपये.

अशा पैशांचं काय होत असे, ते एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये जाऊन पाहता येतं. एल्फिन्स्टन, माल्कम, फोर्ब्स हे तिघेही तिथे संगमरवरात उभे आहेत. पण मुंबईजवळ दुसराही दाखला होता. १८२७ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये गोळा केले आणि त्यातून इंग्रजी भाषा, शास्त्रं आणि कला शिकवणारे प्राध्यापक आणवायचं ठरवलं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन त्या पैशातून निघाली. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत, दादाभाई तिथेच शिकले. पेरींनी हा दाखला जवळून पाहिलेला होता. आपल्यासाठी जमलेला पैसा कायद्याच्या प्राध्यापकासाठी लावावा, असं त्यांनी स्वतः सुचवलं. मानकऱ्यानेच मान दुसरीकडे वळवला.

अशा निधीचं गणित आपल्याकडे नवं नव्हतं. देवस्थानाच्या दिवाबत्तीसाठी जमीन लावून द्यायची, जमीन कायम, उत्पन्न खर्चाला. इथे जमिनीच्या जागी सरकारी रोखे आले एवढाच फरक. पन्नास हजारांवर पाच टक्के व्याज धरलं तर वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशेच्या थोडं वर. मोठी इमारत यातून उभी राहिली नसती. एका माणसाने वर्षभर शिकवावं, त्याच्यानंतर दुसऱ्याने आणि दुसऱ्यानंतर तिसऱ्याने, याची सोय मात्र झाली.

१८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्याचा वर्ग सुरू झाला. पहिले ‘पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स’ म्हणून डॉ. आर. टी. रीड आले. आजचं मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज ते हेच. आशियातलं सर्वांत जुनं लॉ कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. त्याच १८५५ मध्ये, त्याच संस्थेत, दादाभाई नौरोजी गणिताचे प्राध्यापक होते. दहा वर्षांपूर्वी ज्याला कायदा शिकायला पाठवायचं होतं तो एका वर्गात गणित शिकवतो आहे आणि शेजारच्या वर्गात पेरींच्या नावाने कायदा शिकवला जातो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्याच वर्षी दादाभाई विलायतेला गेले, पण व्यापारासाठी. पेरींची आणि त्यांची वाट पुढे पुन्हा जुळली. पेरी इंडिया कौन्सिलचे सभासद झाले, आणि सनदी नोकरीच्या परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्याव्यात अशी शिफारस करणाऱ्या १८६० च्या पाच जणांच्या समितीत ते होते. ही शिफारस दादाभाई जन्मभर सरकारला दाखवत राहिले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, १८६२ मध्ये हायकोर्ट आलं आणि कायद्याच्या वर्गाला अर्थ आला. पदवी देणारी संस्था झाली, पदवीचा उपयोग होईल असं कोर्ट झालं. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. त्या वर्षांत ते ‘दक्षिणा फेलो’ होते, म्हणजे त्यांचा चरितार्थ दक्षिणेच्या पैशावर चालत होता. खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली, पेशव्यांनी पर्वतीच्या रमण्यात श्रावणात वाटलेली, इंग्रजांनी गुंडाळत आणून शिष्यवृत्त्यांकडे वळवलेली ती दक्षिणा. वेदपठणासाठी सोडलेला पैसा एका मुलाला मिल आणि ऑस्टिन वाचायला उपयोगी पडला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्या मागोमाग आले. तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि ते १८९३ मध्ये अकाली गेल्यावर त्यांच्या जागी रानडे बसले.

इथे जरा कलकत्त्याला जायला हवं, कारण मुंबईच्या पारशी वडीलधाऱ्यांना जी भीती वाटत होती ती तिथे एका घरात खरी झाली होती. प्रसन्नकुमार टागोर कलकत्त्याचे नामांकित वकील, सदर दिवाणी अदालतीतले सरकारी वकील, पाथुरियाघाटाचे धनाढ्य जमीनदार. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे विलायतेला गेला आणि १८६२ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर झालेला पहिला हिंदी माणूस तो. बापाने त्याला इस्टेटीतून वगळलं. १८६८ मध्ये प्रसन्नकुमार वारले, तेव्हा मृत्युपत्रात दोन गोष्टी होत्या. कलकत्ता विद्यापीठाला कायद्याच्या अध्यापनासाठी कायमची देणगी, आणि घरच्या इस्टेटीची अशी गुंतागुंतीची व्यवस्था, की ती अजून न जन्मलेल्या वारसांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जावी आणि मुलाकडे मात्र येऊ नये.

मुलगा कोर्टात गेला. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १८७२ चा ‘टागोर विरुद्ध टागोर’ कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही वाचावा लागतो. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणाच्या वेळी जो जन्मलेलाच नाही त्याला हिंदू कायद्याप्रमाणे दान देता येत नाही, असं कौन्सिलने ठरवलं आणि बापाने रचलेली वारसांची साखळी तुटली. विद्यापीठाची देणगी तेवढी टिकली. १८७० पासून टागोर व्याख्यानं सुरू झाली. पहिले व्याख्याते हर्बर्ट कॉवेल. गहाणखताच्या कायद्यावर रासबिहारी घोष, स्त्रीधनावर गुरुदास बॅनर्जी, मनू आणि याज्ञवल्क्यावर काशीप्रसाद जयस्वाल असे एकाहून एक ग्रंथ या व्याख्यानांतून निघाले. १९२९ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यावर बोलायला मुंबईहून दिनशा मुल्ला गेले. मुल्ला मुंबईच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. रासबिहारी घोषांनी तर पुढे वकिलीत कमावलेले लाखो रुपये कलकत्त्याच्या विज्ञान कॉलेजाला दिले. बापलेकांच्या भांडणाने कायद्याला एक मोठा निकाल दिला, आणि त्याच मृत्युपत्रातल्या दानाने तो निकाल समजावून सांगणारी माणसं दिली. एका घराचं दुःख असं देशाच्या कामी आलं. मला मात्र त्या दोघांची समेट न होता ताटातूट झाली याचीच हळहळ वाटते.

मुंबईतही पेरी निधी एकटा राहिला नाही. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड, १८६६ च्या आगाखान खटल्याचा निकाल देणारे, १८६९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा लोकांनी पुन्हा वर्गणी काढली आणि हिंदू-मुसलमानी कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. ‘व्यवहारमयूख’ इंग्रजीत आणणारे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक गेल्यावर त्यांच्या नावाने सुवर्णपदक आलं. हे पदक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांडुरंग वामन काणे या दापोलीकडच्या तरुणाला मिळालं. काणे पुढे वकील झाले, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात काही वर्षं कायदा शिकवला आणि मग धर्मशास्त्राचा तो प्रचंड इतिहास लिहिला, ज्याच्यासाठी आज जग त्यांना ओळखतं. कोर्टात शास्त्रीबुवांना विचारायची पाळी यायची, तिथपासून धर्मशास्त्रावरचा जगातला सर्वांत मोठा ग्रंथ मुंबईचा एक वकील लिहितो इथपर्यंतचं अंतर सत्तर-पाऊणशे वर्षांत कापलं गेलं. अशा पदकांच्या रकमा लहान असतात. कोणाच्या आयुष्यात त्या कुठे जाऊन बसतील ते देणाऱ्याला दिसत नसतं.

या कॉलेजात शिकवण्याची रीत सांगायला हवी, कारण माजी विद्यार्थ्यांचं खरं देणं तिथे आहे. शिकवणारे बहुतेक हायकोर्टात वकिली करणारे. कोर्टाच्या आधी किंवा कोर्ट सुटल्यावर येऊन तास घ्यायचा. मानधन फार नव्हतं. ज्याची वकिली जोरात चालते त्याला ते पैसे दिसतही नसत. ज्याच्याकडे ब्रीफच येत नाही अशा तरुण बॅरिस्टराच्या घरची चूल मात्र त्यावर पेटत असे. एम. सी. छागला यांनी १९२७ ते १९३० या काळात इथे शिकवलं, ते त्यांच्या उमेदवारीच्या ओढगस्तीच्या दिवसांत. नानी पालखीवाला इथेच शिकले आणि इथेच शिकवून गेले. पेरींच्या वर्गणीदारांनी एका प्राध्यापकाची सोय केली होती. त्या एका जागेभोवती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वकिलांनी आपले तास वाहिले. देणगीच्या वहीत तास लिहायला रकाना नसतो, म्हणून हे देणं मोजायचं राहून जातं.

पुण्याची तऱ्हा निराळी. टिळक १८७९ मध्ये एलएल.बी. झाले, वकिली केली नाही, पण चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालवला आणि वकिलीच्या परीक्षेसाठी मुलं तयार केली. स्वतंत्र लॉ कॉलेज मात्र पुण्याला नव्हतं. ते आणलं १९२३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन लॉ सोसायटीने. १९२४ मध्ये कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे, हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ संपादून छापण्यात आयुष्य घालवणारे वकील. इथे कोणी राजा नव्हता, निवृत्त होणारा साहेबही नव्हता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्याला शिकवलेली वाट होती: पोटापुरतं घ्यायचं आणि उरलेलं आयुष्य संस्थेला द्यायचं. एरंडवण्याच्या टेकडीखालचा माळ कॉलेजने घेतला. आज तिथून जाणारा रस्ता लॉ कॉलेज रोड आहे आणि टेकडीही लॉ कॉलेजची टेकडी. पुणेकर सकाळी फिरायला तिथे चढतात. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतले, १९२६ चे एलएल.बी.; यशवंत विष्णू चंद्रचूड १९४२ चे. दोघेही देशाचे सरन्यायाधीश झाले.

पुढच्या काळात देणगीदाराचं नाव फाटकावर आलं. मिरामारला व्ही. एम. साळगावकर, मडगावला गोविंद रामनाथ कारे, पुण्यात नवलमल फिरोदिया. मला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. मुलगा ‘मी कारेला आहे’ म्हणतो तेव्हा एक नाव शंभर वर्षं बोललं जातं. पेरींचं नाव मात्र कोणत्याच फाटकावर नाही, आणि तरी पेरी प्रोफेसरच्या खुर्चीवर जे घडलं तसं दुसऱ्या कोणत्या देणगीच्या वाट्याला आलेलं मला माहीत नाही.

ते समजण्यासाठी पुन्हा पेरींच्या काळात जावं लागतं. पेरी अध्यक्ष असताना बोर्ड ऑफ एज्युकेशनने १८५०-५१ चा अहवाल दिला. पैसा थोडा आहे, सगळ्यांना शिकवणं परवडणार नाही, तेव्हा समाजातल्या वरच्या वर्गांना चांगलं शिक्षण द्यावं, असा त्याचा सूर. अगदी खालच्या मानलेल्या जातींसाठी शाळेचं दार उघडण्याला बोर्डाचा कौल नव्हता. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, तेव्हा पेरी विलायतेत होते. धोरण मात्र त्यांच्या काळात घडलेलं होतं.

हा अहवाल सत्त्याहत्तर वर्षांनी एका माणसाने कपाटातून काढला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचून दाखवला. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. भीमराव आंबेडकरांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाची हकीकत आहे. सरकारने आपल्याला शिक्षणापासून दूर ठेवलं ते कसं, याचा पुरावा म्हणून त्यांनी बोर्डाच्या त्या अहवालातले उतारे दिले, धारवाडच्या मुलाची गोष्टही मांडली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्यांचं स्वतःचं शिक्षणही देणग्यांवरच उभं होतं. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, मग १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, आणि न्यूयॉर्क. १९२० मध्ये लंडनला परत गेले ते स्वतःच्या साठवणीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जावर. १८४५ मध्ये एका पारशी मुलाला लंडनला जाऊन बॅरिस्टर होता आलं नव्हतं. पाऊणशे वर्षांनी एका पारशी मित्राच्या पैशाने एक महार मुलगा लंडनला गेला आणि ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आला.

१९३५ मध्ये त्यांना कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं आणि त्यासोबत पेरी प्रोफेसरची जागाही. २७ मेला रमाबाई राजगृहात वारल्या होत्या. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जूनच्या सुरुवातीला, बाबासाहेबांनी कॉलेजची सूत्रं हाती घेतली. घरात नुकतंच काय घडलं आहे हे वर्गात बसलेल्या मुलांना किती ठाऊक असेल कोण जाणे. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरचं, कधी न झालेलं ते भाषण छापून काढलं, स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला. १९३७ मध्ये निवडून येऊन विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. हे सगळं चालू असताना ते पेरींच्या नावाच्या खुर्चीवर बसून मुलांना ज्युरिसप्रुडन्स शिकवत होते. कायद्याच्या शिक्षणाची फेररचना कशी व्हावी यावर कॉलेजच्याच नियतकालिकात त्यांनी १९३६ च्या जानेवारीत लेखही लिहिला.

ज्यांनी १८५२ मध्ये पैसे दिले त्यांच्यातल्या कोणालाही हे स्वप्नातसुद्धा दिसलं नसेल. पेरींना तर नाहीच. त्यांच्या बोर्डाने ज्या मुलाला दार उघडलं नसतं, त्याच्यासाठी त्यांच्याच नावाच्या पैशाने खुर्ची राखून ठेवली. पेरींच्या धोरणाचा राग आणि त्यांच्या दानाचं मोल, दोन्ही एकाच वेळी मनात धरावं लागतं. बाबासाहेबांनीही ते धरलं असणार. अहवालातली चूक त्यांनी जगापुढे मांडली आणि खुर्चीवर बसून काम चोख केलं.

१९३८ मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं. त्यांच्या जागी आले आसफ अली असगर फैझी, पुढची नऊ वर्षं प्राचार्य आणि पेरी प्रोफेसर. मुसलमानी कायद्यावरचं त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं. खोजा आणि मेमन मुलींच्या वारशाचा जो निकाल पेरींनी १८४७ मध्ये दिला, त्या विषयातला या देशाचा सर्वांत जाणता अभ्यासक पेरींच्या खुर्चीवर बसला होता.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढल्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना जमावं म्हणून तास सकाळी ठेवले. १९५६ मध्ये, परिनिर्वाणाच्या काही महिने आधी, सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू झालं. ते फोर्टमध्ये आनंद भवनात आहे. रस्त्याचं नाव डॉ. दादाभाई नौरोजी रोड.